नोकरी सांभाळून ऑनलाइन एम.कॉम. करावं का?

खतावणी_सोलापूर: माझी मावसबहीण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. तिला ऑनलाइन एम.कॉम. करायचंय आणि घरात सगळ्यांचं एकच पालुपद, "घरबसल्या मिळालेल्या डिग्रीला कोण विचारतं?" माझं मत, तिने प्रवेश घ्यावाच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, २० ला ३बी, म्हणजे कर भरण्याचं. या धावपळीत दुपारच्या लेक्चरला तिला कोण सोडणार? आणि नोकरी सोडून शिकणं इथं किती घरांना झेपतं?

नवीपेठ_ऑडिट: साफ विरोध. बरोबरी कागदावर. इथला मालक डिग्री विचारत नाही, "टॅली येतं का, टू-बी जुळवता का" एवढंच विचारतो. (टू-बी म्हणजे खरेदीवरच्या कर-वजावटीचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता.) सूत जॉबवर्कला, म्हणजे बाहेर विणायला, किती गेलं, टॉवेल किती आले, वर्षाच्या आत माल परत आला का? नाही आला तर जीएसटीत तो पाठवल्या दिवसापासूनचा पुरवठा, म्हणजे विक्रीसारखाच, धरतात. व्हिडिओ बघून हे अंगात मुरत नाही. तीच दोन वर्षं सीए इंटरला, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेला द्या. टॅक्स ऑडिटवर सही शेवटी सीएचीच लागते.

सूत_आणि_हिशेब: सर, उदाहरण तुम्ही सुताचंच घेतलंत म्हणून सांगते. मी आधी जिथं होते तिथं वाया गेलेलं सगळं सूत मालाच्या किमतीत घालायचे. का, तर "गेल्या वर्षी असंच केलं होतं." नेहमीची घट किमतीत धरतात, पण त्यापलीकडची नासाडी एएस-२ या मालसाठ्याच्या हिशेब-मानकाप्रमाणे थेट खर्चात टाकावी लागते. आमचा स्टॉक फुगायचा आणि तोच आकडा कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालावर मिळणाऱ्या कर्जासाठी, बँकेत जायचा. हे मला एम.कॉम.च्या अभ्यासात कळलं, तेही ऑनलाइनच. टेबलावर कुणी शिकवलं नव्हतं.

फळा_खडू: मी कॉमर्स शिकवते. ताईंचं पटतं, तरी माझा कल नियमित वर्गाकडेच. कन्सॉलिडेशनचं, म्हणजे मूळ कंपनी आणि उपकंपनीचे हिशेब एकत्र करण्याचं, गणित मुलं चुकतात ती तिसऱ्या-चौथ्या ओळीत, मायनॉरिटी इंटरेस्ट, म्हणजे उपकंपनीतल्या बाहेरच्या भागधारकांचा वाटा, काढताना. मागे उभं राहून वही बघणारं कुणी असलं की तिथंच सुधारतं. व्हिडिओला ते दिसत नाही. प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र पदव्युत्तर पदवी हवीच, नेट या पात्रता परीक्षेला खुल्या प्रवर्गात त्या पदवीत ५५ टक्के लागतात. आणि "एका वर्षात दोन वर्षांची डिग्री" म्हणणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभाग) संकेतस्थळावर विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्हींची नावं तपासा, डीईबी आयडी, म्हणजे प्रवेशासाठीचा विद्यार्थी क्रमांक, स्वतः काढा.

नवीपेठ_ऑडिट: नासाडीचा मुद्दा मान्य. पण ताई, तुम्ही आधीच कामात होता, म्हणून तो डोक्यात शिरला. बी.कॉम. होऊन घरी बसलेली पोरं नुसती ही डिग्री घेतात, त्यांचं काय?

खतावणी_सोलापूर: त्यांच्याबद्दल मीही हो म्हणणार नाही, सर. पण बहीण रोज व्हाउचर हाताळते. तिला सही करायची नाही, कारखान्याची मुख्य अकाउंटंट व्हायचंय. मॅडम, कन्सॉलिडेशनला अडली तर रविवारी तुमच्याकडे वही घेऊन आली तर चालेल का?

फळा_खडू: जरूर येऊ दे. सोडवलेली गणितं आण म्हणावं, कोरी वही नको.