मेसेजवरून दिली ती 'धमकी' की 'दमदाटी'?

शेवंती: मैत्रिणीसाठी तक्रारअर्ज लिहून देतेय. तिचा जुना भागीदार, हिशोबावरून कोर्टात गेल्यापासून, रात्री-बेरात्री मेसेज टाकतो, 'दावा मागे घे नाहीतर दुकान पेटवून देईन, भावालाही सांगून ठेव'. मी लिहिलं, 'मोबाईलवर संदेश पाठवून धमकी दिली'. ठाण्यात अर्ज वाचणारे म्हणाले 'शिवीगाळ व दमदाटी केली' असं घाला. आता माझ्या कानाला दमदाटी म्हणजे समोरासमोर, आवाज चढवून, अंगावर धावून जाऊन. मेसेजमध्ये कसली दमदाटी? आणि शिवी तर त्यात एकही नाही. घरी येऊन दंड संहितेचं मराठी पुस्तक उघडलं तर तिथे तिसराच शब्द, 'फौजदारीपात्र धाकदपटशा'. या तिन्हीत फरक काय आणि अर्जात कुठला घालू?

बोरू: दमदाटीतला दम फारसी, म्हणजे श्वास. दम लागतो, दम धरतो, तोच. दाटी मात्र माझ्या मते दटावणे मधली असावी, गर्दीतली नव्हे. म्हणजे छाती फुगवून दटावणे. त्यामुळे तुमच्या कानाला जे वाटतं ते बरोबरच आहे, दमदाटीला आवाज लागतो. लिहून देतात ती धमकी.

कोकणकडा: असं काही नाही हो. आमच्याकडे फोनवरून दम भरला असं सर्रास म्हणतात, आणि हल्ली 'ग्रुपवर दमदाटी करतो' हेही ऐकतो. शब्द पुढे सरकतात, त्यांना समोरासमोर बसवून कसं ठेवणार?

मसुदा: कोर्टाच्या कागदांचं भाषांतर हेच माझं रोजचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. धाकदपटशा ही जुन्या दंड संहितेतल्या कलम ५०३ ची संज्ञा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१. त्यात समोर असणं, आवाज, शिवी यातलं काहीच आवश्यक नाही. कुठल्याही मार्गाने दिलेली धमकी चालते, मेसेजही. बघायचं ते एवढंच, की शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला 'क्षती', म्हणजे इजा किंवा नुकसान, पोचवण्याची धमकी आहे का, आणि ती घाबरवण्यासाठी किंवा माणसाचा कायदेशीर हक्क त्याला सोडायला लावण्यासाठी दिली का. ज्याच्यात आपला जीव गुंतलाय अशा दुसऱ्या माणसाला इजा करण्याची धमकी पण यात येते, म्हणून भावाचा उल्लेख अर्जातून गाळू नका. आणि गंमत नाही सांगत, कायद्यातच उदाहरण दिलंय की दिवाणी दावा सोडावा म्हणून एकजण दुसऱ्याचं घर जाळायची धमकी देतो. तुमच्या मैत्रिणीचं प्रकरण जवळजवळ तेच आहे.

शिक्षा साधी धमकी असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जिवे मारण्याची, जबर दुखापतीची किंवा आग लावून मालमत्ता नष्ट करण्याची असेल तर सात वर्षांपर्यंत. नाव लपवून पाठवली तर त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत. म्हणून 'पेटवून देईन' हे शब्द जसेच्या तसे अर्जात यायला हवेत. दमदाटी लिहिलंत की ती आग त्या कागदावरून गायब होते, माझा खरा आक्षेप तिथे आहे.

अनुस्वार: मसुदा यांनी 'जिवे' ऱ्हस्व लिहिलं त्याबद्दल आभार. जीव चं सामान्यरूप जिवा, म्हणून जिवे मारणे. वर्तमानपत्रं रोज 'जीवे' छापतात, बघवत नाही.

कोकणकडा: फिर्याद जी वरच्या वेलांटीने पडत नाही. लोक जीवे लिहितात, सगळ्यांना कळतं, मग ते चूक कसं?

अनुस्वार: कळणं आणि बरोबर असणं वेगळं. कायद्याच्या कागदात तरी नेम पाळा, नाहीतर उद्या 'क्षती' ची 'क्षिती' होईल आणि अर्थच बदलेल.

घागर: मुळात धाकदपटशा, क्षती, बलाद्ग्रहण असले शब्द हवेतच कशाला? बलाद्ग्रहण म्हणजे आपली खंडणी, हे मला पन्नाशीत कळलं. ज्या बाईला मेसेज येतायत तिला स्वतःच्या तक्रारीची भाषा कळली पाहिजे, मला हे मनापासून वाटतं.

बोरू: धाकदपटशा ला त्या यादीत टाकू नका, तो घरचा शब्द आहे! दपटणे, दपटून विचारणे हे माझ्या आजीच्या तोंडी होतं. शेवटचा 'शा' शहा वरून आला असं मला फार दिवस वाटतंय, अरेरावी करणारा तो दपट-शहा. बलाद्ग्रहण मात्र खरंच टेबलावर बसून घडवलेला.

मसुदा: खंडणी म्हटलं की मांडलिकाने भरायची रक्कम हा जुना अर्थ डोक्यात येतो, म्हणून बहुतेक टाळला असेल. पण गुन्ह्यांतही फरक आहे. पैसे किंवा वस्तू हातात पडल्याशिवाय बलाद्ग्रहण पुरं होत नाही, त्यासाठी नुसता धाक घातला तर न्याय संहितेच्या कलम ३०८ चं वेगळं पोटकलम. इथे पैसे मागितलेले नाहीत, तेव्हा खंडणी नको.

टाचण: मेसेजचं आहे तर ६६ अ लावा ना, आमच्या ओळखीत लावलं होतं.

मसुदा: नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलंय. त्यानंतरही ते लावलं जात होतं म्हणून २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं.

पाटीपेन्सिल: मला 'बघून घेईन' चं कोडं आहे. आपल्याकडे भांडणात शंभरातले नव्वद जण हेच म्हणतात. ही धमकी?

मसुदा: नुसत्या त्या दोन शब्दांवर अवघड. माणिक तनेजा प्रकरणात, २०१५ मध्येच, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की घाबरवण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द पुरत नाहीत. आधी काय घडलं, किती वेळा म्हटलं, पुढे काय केलं, यावर ठरतं.

घागर: पण बाईला रात्री दोन वाजता 'बघून घेईन' आलं तर तिला हेतू विचारत बसायचा का? ती घाबरते, झोपत नाही, दार दोनदा तपासते.

कोकणकडा: आणि त्यावर घेतात काय तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद.

मसुदा: साधी धमकी अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण एनसी ची प्रत जपून ठेवा, पुढे पुन्हा मेसेज आला तर आधीची नोंद कामाला येते. शेवंती, मेसेज डिलीट करू नका, फोन विकू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

अनुस्वार: 'अदखलपात्र' वरही बोलायला हवं. दखल अरबी, पात्र संस्कृत, अ संस्कृत. हा कसला समास?

बोरू: मग फौजदारीपात्र काय आहे? फौज अरबी, दार फारसी, पात्र संस्कृत. सुंदर शब्द आहे, कोणालाही अडत नाही.

शेवंती: मी अर्जात मेसेज तारीख-वेळेसकट जसाच्या तसा उतरवलाय आणि वर 'दुकान पेटवण्याची धमकी' असं लिहिलंय. ठाण्यातले अजून 'दमदाटी' वर अडून आहेत.

अनुस्वार: 'उतरवलाय' की 'उतरवून घेतलाय'? अर्थात फरक पडतो.