परदेशातील नातेवाईक आणि व्हिसाचा अर्ज

मावशी: मुलीच्या अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज भरत आहोत. मामा तिथला नागरिक आहे हे कळले, तर ही परत येणार नाही असा ग्रह होईल, म्हणून ते लिहू नये असे एका परिचितांनी सुचवले आहे. काय करावे?

दादा: मावशी, कृपा करून काहीही लपवू नकोस. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार विद्यार्थी व्हिसा मागणारा प्रत्येक अर्जदार तिथे स्थायिक होण्यासाठीच येत आहे असे आधीच गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. म्हणजे मामा तिथे नसता तरी तिला हे पटवून द्यावेच लागले असते. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात आईवडील, जोडीदार, भावंडे आणि मुले यांच्याविषयी तपशीलवार विचारतात, तर इतर नातेवाईक तिथे आहेत का, याचे उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे द्यायचे असते. या कलमाखाली नकार मिळाला तरी पुन्हा अर्ज करता येतो. मात्र महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले, तर प्रवेशबंदी कायमची असते आणि तिच्यातून सूट मिळवणे फार कठीण जाते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. मामाने तुझ्यासाठी कधी आय-१३० याचिका, म्हणजे नातेवाईकाला तिथे कायम वास्तव्यासाठी नेण्याचा अर्ज, दाखल केली होती का? भावंडांच्या एफ-४ श्रेणीत भारतीयांना दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागत असल्याने अशा जुन्या याचिका घरच्यांच्याही विस्मरणात जातात. त्या याचिकेत तुझी २१ वर्षांखालील अविवाहित अपत्येही येतात, त्यामुळे तिच्या अर्जात याचा उल्लेख करावा असे माझे मत आहे. नेमके शब्द मात्र वकिलांना विचारूनच ठरवावेत.

ताई: आम्ही कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीसाठी, म्हणजे गुणांवर आधारित कायम वास्तव्याच्या योजनेसाठी, अर्ज करणार आहोत. मुख्य अर्जदार मी आहे आणि ह्यांची बहीण तिथे राहते. याने नुकसान होईल का?

दादा: उलट फायदाच होईल. २०१७ पासून तिथे राहणाऱ्या भावंडासाठी १५ गुण मिळतात आणि ते भावंड जोडीदाराचे असले तरी चालते. ती १८ वर्षांवरील आणि नागरिक किंवा कायम रहिवासी असली पाहिजे. चुलत, मावस भावंडे यात धरत नाहीत. दोघांचे आईवडील किंवा त्यांपैकी एक तरी समान असल्याचा पुरावा लागतो, म्हणून जन्मदाखल्यांवरील नावे आधीच जुळवून पाहा.

मावशी: मामाने पूर्वी माझ्याकडून काही कागद मागवले होते खरे. याचिकेच्या पावतीची प्रत त्याच्याकडून मागवते आणि ती हाती येईपर्यंत अर्ज पाठवत नाही.