टेक्सास: अकरावीतच कॉलेजचे कोर्स (ड्युअल क्रेडिट), पैसे भरून घ्यावेत का?

अबोली
लेक दहावीत आहे, ऑगस्टात अकरावीत जाईल. आम्ही ह्यूस्टनच्या बाहेर राहतो, इथे येऊन दोन वर्षं होतील. गेल्या आठवड्यात शाळेतून एक पत्रक आलं. इंग्लिश 1301 आणि हिस्टरी 1301 हे कम्युनिटी कॉलेजचे कोर्स शाळेच्याच वर्गात घेता येतील, शाळेचं आणि कॉलेजचं क्रेडिट एकदमच मिळेल. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की फी पालकांनी भरायची. दोन्ही मिळून साडेचारशे डॉलर, पुस्तकं वेगळी.

नवऱ्याचं म्हणणं, चांगल्या सरकारी शाळेसाठी इथे जास्त भाडं देऊन राहतोय, मग शाळेतल्या तासाला वर पैसे कशाला? मैत्रीण म्हणते एपी घे (शाळेतलाच कॉलेजच्या पातळीचा कोर्स, शेवटी एक परीक्षा), परीक्षेचे शंभरेक डॉलर दिले की झालं. आम्ही एच-4 वर (नोकरीच्या एच-1बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), त्यामुळे फी जास्त लागेल का हेही कळत नाही. आणि सासूबाई पुण्याहून विचारतायत, "अकरावीला कॉलेज म्हणजे आपलं ज्युनियर कॉलेजच ना गं?" त्यांना काय सांगू ते सुचवा.

ओहायोकर
पैसे? आमच्याकडे सातवीपासून हे कोर्स घेता येतात आणि सरकारी कॉलेजात घेतले तर फी नाही, पुस्तकांचेही पैसे नाहीत. कॉलेज क्रेडिट प्लस म्हणतात. फक्त पोरगं नापास झालं तर शाळा डिस्ट्रिक्ट ते पैसे घरच्यांकडून मागू शकतं. धाकट्याला हे आधीच ऐकवून ठेवलंय.

बर्फाळ_मिनेसोटा
आमच्याकडे तर हे 1985 पासून आहे, बहुतेक देशात पहिलं आम्हीच. फी, पुस्तकं सगळं राज्याकडून, पुस्तकं मात्र सेमिस्टर संपलं की परत करायची. वॉशिंग्टनमध्ये बहिणीच्या मुलाला फी माफ होती, पण पुस्तकं आणि किरकोळ शुल्क घरून. थोडक्यात, राज्य बदललं की बिल बदलतं. आमचं ऐकून टेक्सासचा हिशोब करू नकोस.

पाटीपेन्सिल
अबोली, आम्ही टेक्सासातच आहोत, मुलगा यातूनच गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फी. इथे 2023 पासून फास्ट नावाची योजना आहे. शाळेत फुकट किंवा सवलतीचं जेवण मिळण्याइतकं उत्पन्न कमी असेल, तर योजनेतल्या कॉलेजांत हे कोर्स फुकट. तुम्ही त्यात बसत नसाल तर कॉलेज आणि डिस्ट्रिक्टचा जो करार असेल तो दर. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये फुकट आणि आपल्याकडे पैसे, असंही होतं. काउन्सेलरला स्पष्ट विचार. एच-4 ची फार काळजी नको, बारा महिने टेक्सासात घर करून राहिलात तर फीसाठी रेसिडेंट, म्हणजे राज्याचे रहिवासी, धरतात. भाडेकरार आणि टॅक्सचे कागद हाताशी ठेव.

आता पैसे वाचतात का. मुलं इथल्याच सरकारी विद्यापीठात जाणार असतील तर हो. तोच तीन क्रेडिटचा कोर्स तिथे हजार डॉलरच्या वर जातो. 1301 मधला पहिला 1 म्हणजे फर्स्ट इयर, त्यानंतरचा 3 म्हणजे तीन क्रेडिट. हे नंबर राज्यभर सारखे, आणि इंग्लिश, हिस्टरी ही 42 क्रेडिटच्या कोअरमधली (पदवीसाठी सगळ्यांना लागणारे मूलभूत विषय), त्यामुळे सरकारी विद्यापीठं ती घेतात. राज्याबाहेरच्या नामांकित खासगी विद्यापीठांचं तसं नाही. शाळेच्या ग्रॅज्युएशनसाठी वापरलेलं क्रेडिट अनेक ठिकाणी मोजतच नाहीत.

आता आमची फजिती. सीनियरकडून वीस डॉलरला जुनं पुस्तक घेतलं, केवढा आनंद! पहिल्याच आठवड्यात कळलं की होमवर्क ऑनलाइन, त्याला ॲक्सेस कोड लागतो आणि तो नवाच घ्यावा लागतो. शंभराच्या वर गेले. जुनं पुस्तक अजून गॅरेजमध्ये आहे. त्याहून वाईट म्हणजे फीची आठवण मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर येत होती, आणि तो ईमेल त्याने एकदाही उघडला नव्हता. तारीख उलटली, कॉलेजने यादीतून नाव काढलं. तो मात्र रोज वर्गात बसून निबंध लिहीत होता! पंधरा दिवस खेटे घातले तेव्हा नाव परत लागलं.

माई_अटलांटा
खेटे घालायला तुम्हाला उभं तरी केलं! मी फोन केला तर समोरची बाई गोड आवाजात म्हणाली, "विद्यार्थिनीलाच बोलू द्या." मुलगी सोळा वर्षांची. पण कॉलेजात नाव घातलं की फेर्पा कायद्याने कागदपत्रांचे हक्क तिचे, वय काहीही असो. फी भरणारे आपण, मार्क विचारायचे तर तिची सही आणा. तो संमतीचा फॉर्म पहिल्याच दिवशी भरून टाका.

डॉ_कडूकिराईत
कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. हे मार्क कायमचे राहतात. लेकीला पुढे मेडिकलला जायचं असेल तर अर्जात प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) द्यावी लागते, हायस्कूलमध्ये घेतलेल्या कोर्सचीही. सोळाव्या वर्षीचा सी बाविसाव्या वर्षी समोर येतो. एपीत कमी पडले तर तो स्कोअर कॉलेजला पाठवू नका, संपलं. जमत नसेल तर ड्रॉपच्या तारखेआधी बाहेर पडा. नंतर गुणपत्रकावर डब्ल्यू (विथड्रॉ, मध्येच सोडला) लागतो आणि पैसेही जातात.

पाटीपेन्सिल
+1 डॉक्टर. म्हणूनच मी म्हणेन, जो विषय हमखास ए देईल तेवढाच आधी घ्या. आणि अबोली, मुलीच्या नावाने 529 खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असेल तर त्यातून फी आणि पुस्तकं भरता येतात. फक्त पैसे त्याच कॅलेंडर वर्षात काढायचे. पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना केंद्र सरकारची कॉलेजसाठी मदत) वगैरेच्या नादी लागू नकोस, हायस्कूलच्या मुलांना ती सहसा मिळत नाही, आणि एच-4 ला तर नाहीच.

अबोली
सगळ्यांचे आभार. आज काउन्सेलरला भेटले. फास्टमध्ये आम्ही बसत नाही. पण बाईंनी एक सांगितलं, इंग्लिशच्या सरांनी यंदापासून फुकटचं ऑनलाइन पुस्तक लावलंय, कोड नाही. हिस्टरीला कोड आहेच. लेकीला लिहायला आवडतं, तारखा पाठ करायला नाही. तर इंग्लिश 1301 पैसे भरून आणि हिस्टरी एपीमधून, असं ठरतंय. नवरा अजून "अर्धेच गेले" एवढ्यावर खूश आहे.

सासूबाईंना "हो, ज्युनियर कॉलेजच" म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "सायन्स का कॉमर्स?"

माई_अटलांटा
त्यांना सांग, आर्ट्स. मग बघ फोन किती वेळ चालतो ते.

पाटीपेन्सिल
ते राहू द्या, फीची शेवटची तारीख कुठली? आणि त्या कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड तुझ्याकडे आहे का?

अबोली
12 ऑगस्ट. पासवर्ड लेक म्हणते आहे कुठेतरी.