पडदा न पाहता आठ-बिट संगीत कसे रचावे?

प्रश्न (फोंडा): मी जन्मांध असून घुमट, म्हणजे गोव्यातले मातीच्या मडक्याचे तालवाद्य, वाजवतो. जुन्या व्हिडिओ गेमच्या आठ-बिट ध्वनीत घुमटआरती, म्हणजे घुमटाच्या साथीने गायची आरती, बांधण्याची माझी मनापासून इच्छा आहे. परंतु ट्रॅकर, म्हणजे रकान्यांत सूर मांडून असे संगीत रचायचा प्रोग्राम, उघडला की एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम खिडकीचे नाव तेवढे वाचून गप्प होते, कारण सुरांचे रकाने चित्रासारखे रंगवलेले असतात. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर (म्हापसा): आहे. एमएमएल, म्हणजे साध्या मजकुरात सूर लिहिण्याची पद्धत, वापरून पाहा. नोटपॅडमध्ये ‘ओ४ एल८ सीडीई’ एवढे रोमन अक्षरांत लिहिले की चौथ्या सप्तकातले तीन सूर लिहून होतात, आणि पीपीएमसीके हा प्रोग्राम अशाच मजकुरातून एनएसएफ, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेमयंत्राच्या संगीताची, फाइल तयार करतो. एनव्हीडीएची विरामचिन्हे ‘सर्व’ पातळीवर ठेवावीत, म्हणजे सप्तक बदलणारी खूण निसटणार नाही.

उत्तर (मडगाव): दादा, घुमटाचा घुमारा निन्टेन्डोच्या त्रिकोणी तरंगाच्या चॅनलवरचा (चॅनल म्हणजे त्या यंत्रातला एकेक स्वतंत्र आवाज) सूर झपकन खाली घसरवून चांगला साधतो. त्या चॅनलचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, म्हणून ठोक्याचा जोर सुराच्या लांबीतूनच दाखवावा लागतो. शामेळासाठी, म्हणजे घुमटाच्या जोडीला काठ्यांनी वाजणाऱ्या ढोलासाठी, खरखरीचा नॉइज चॅनल घ्या.

प्रश्नकर्ता: सूर घसरताना ऐकला आणि बोटे आपोआप मांडीवर वाजू लागली. आरतीचे पहिले आवर्तन आज लिहितो.