फर्निचर आधी, रंग नंतर

भिंतींचा रंग आधी पक्का करून मग त्याला जुळणारा सोफा शोधावा, असा सल्ला काहीजण देतात. मला क्रम उलटा हवा असं ठामपणे वाटतं. सोफ्याच्या कापडात आणि लॅमिनेटमध्ये (फर्निचरच्या लाकडावर चिकटवतात तो पातळ थर) मोजक्याच छटा मिळतात; भिंतीचा रंग मात्र दुकानात मशीनवर हवा तसा मिसळून देतात.

त्या सल्ल्यात दिव्यांचा मुद्दा तर राहूनच जातो. दुकानात बहुधा ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरा उजेड असतो, घरी हॉलमध्ये आपण ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावतो. त्यात निळा मळकट दिसतो, राखाडी मातकट. आमच्याकडे रंगवलेला पुठ्ठा आणि लॅमिनेटचा तुकडा सोफ्याशेजारी ठेवून दिवसा आणि रात्री पाहिला, तेव्हा सगळ्यांना आवडलेली राखाडी छटा बाद झाली. पुठ्ठा मात्र हातभर तरी मोठा घ्या. शेडकार्डावरच्या, म्हणजे रंगांचे नमुने दाखवणाऱ्या कार्डावरच्या, इवल्या चौकोनावरून अख्ख्या भिंतीचा अंदाज येत नाही.