साडेआठ तास अंथरुणात, झोप जेमतेम साडेपाच तास. काय करता येईल?

गोदाकाठ_इंदिरानगर
वडिलांसाठी विचारते आहे. वय ६४, निफाडकडे द्राक्षबाग, राहायला नाशिकला. रात्री साडेनऊला आडवे होतात, डोळा लागायला अकरा वाजतात. अडीचला जाग येते, चारपर्यंत नुसती कूस बदलणं, मग सहापर्यंत कशीबशी झोप. बीपी, शुगर, थायरॉईड ठीक आहे. गोळी अजून सुरू केलेली नाही. "पडून राहिलं तरी शरीराला आराम मिळतो" असं त्यांचं म्हणणं. हातातलं घड्याळ मात्र सात तास झोप झाली असं दाखवतं! औषधाशिवायच्या सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि विचार बदलून निद्रानाश कमी करण्याच्या) उपचाराबद्दल ऐकलं आहे. त्यात नेमकं करायचं काय असतं?

झोपेची_वही
ताई, तुम्ही वेळा नीट लिहिल्या आहेत, त्यामुळे हिशेब लगेच मांडता येतो. साडेनऊ ते सहा म्हणजे अंथरुणात साडेआठ तास, त्यात झोप साडेपाच. म्हणजे सुमारे ६५ टक्के. हा आकडा ८५ च्या आसपास न्यायचा आहे, आणि तो जास्त वेळ पडून राहून वाढत नाही, उलट कमी होतो. साडेपाच तासांची झोप साडेआठ तासांवर पसरली की ती विरळ होते, मधे भोकं पडतात.

आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: कधी आडवे झाले, अंदाजे कधी डोळा लागला, मधे किती वेळ जागे होते, कधी उठले. लिहायचं सकाळी उठल्यावर, रात्री घड्याळ बघून नाही. रात्री वेळ पाहिली की "अजून तीनच वाजले" हा हिशेब सुरू होतो आणि उरलीसुरली झोपही उडते. भिंतीवरचं घड्याळ सरळ उतरवून ठेवा.

सरासरी साडेपाच तास आली तर या वयाला अंथरुणातला वेळ सहा तास ठरवा. कुठल्याही परिस्थितीत पाचाच्या खाली जायचं नाही. उठायची वेळ आधी पक्की करा, समजा साडेपाच. म्हणजे झोपायला जायचं साडेअकराला, त्याआधी पाठ टेकायची नाही. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० ते ८५ असेल तर आहे तेच चालू ठेवा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी करा. ही पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली.

दुसरा भाग रिचर्ड बूट्झिन यांचा, १९७२ चा. झोप येत नसेल तर अंदाजे वीस मिनिटांनी उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मंद दिव्यात. पेपर चाळा, तांदूळ निवडा, काहीही कंटाळवाणं चालेल. डोळे मिटायला लागले की परत जा. जागं राहून तळमळण्याचीच मेंदूला सवय लागते, मग गादी दिसली की तो सावध होतो. म्हणून पडून मिळणारा "आराम" इथे महागात पडतो.

पुरावा आहे. २०१५ मध्ये सीबीटी-आयच्या २० चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा झोप लागायचा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मधलं जागणं २६ मिनिटांनी कमी झालं होतं. एकूण झोप मात्र जेमतेम आठ मिनिटं वाढली. हे वडिलांना आधीच सांगा, म्हणजे आठ तासांची वाट बघत ते निराश होणार नाहीत. झोप सलग होते, कमाई ती. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार सुचवला.

चहा_चारला_बंद
घड्याळाचं: ते मुख्यतः हालचाल आणि नाडी बघतं. माणूस निपचित जागा पडला असेल तर त्याला तो झोपलेलाच वाटतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच होत असणार. सध्या ते काढूनच ठेवा.

कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, वयानुसार जास्तही. म्हणून दुपारनंतर चहा नको. दुपारची वामकुक्षी २० मिनिटं, तीनच्या आत. झोप लागावी म्हणून वाईन किंवा दारू घेणंही नको. डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात.

सकाळी अर्धा तास उजेडात चालणं, गोल्फ क्लब मैदान किंवा गोदापार्क, कुठेही. ढगाळ हवेतही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाईटच्या कितीतरी पट असतो. एक अपवाद: कुणाला संध्याकाळी सातलाच पेंग येत असेल आणि तीनला टक्क जाग येत असेल, तर उजेड संध्याकाळी घ्यावा लागतो. वडिलांचं तसं दिसत नाही.

गोदाकाठ_इंदिरानगर
खूप आभार. एक अडचण आहे. शेतीला रात्रीची लाईट असली की ते बागेला पाणी द्यायला जातात, मोटार बाराला चालू करावी लागते. तेव्हा काय करायचं?

झोपेची_वही
त्या आठवड्यात वेळ आवळू नका, दिवसाची लाईट असेल तेव्हा सुरुवात करा. पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येते. त्या काळात मोटारसायकल, ट्रॅक्टर, फवारणीचं यंत्र दुसऱ्याकडे द्या, निफाडपर्यंत गाडीही त्यांनी चालवू नये. अधूनमधून एखादी रात्र मोटारीवर गेली तरी सकाळी उठायची वेळ फार तर तासाभराने पुढे ढकला, दुपारपर्यंत झोपू देऊ नका.

रात्री_घोरणारे_घर
सुरू करण्याआधी एक पाहा. जोरात घोरणं, मधेच श्वास थांबून दचकून जाग, सकाळी डोकं जड, असं असेल तर आधी झोपेची तपासणी करा. श्वासाचा अडथळा असताना झोपेचा वेळ कमी करणं बरोबर नाही. फिट येत असेल किंवा कधी बायपोलरचं निदान झालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हे नकोच, कमी झोपेने दोन्ही उसळतात. रात्रीची जाग लघवीसाठी येते का, हेही वहीत लिहा. येत असेल तर प्रोस्टेट दाखवून घ्या.