दिलीप प्रभावळकर: नट की बहुरूपी?

तिसरी घंटा
'दशावतार' सिनेमा दुसऱ्यांदा बघून आलो. बाहेर पडताना जो तो एकच म्हणत होता, एक्क्याऐंशीव्या वर्षी काय काय सोंगं आणतो हा माणूस! मान्य, त्यातला त्यांचा बाबुली मेस्त्री डोळ्यांपुढून हलत नाही. पण खूप दिवस मनात आहे ते बोलतो, शिव्या घाला हवं तर. प्रभावळकरांचं कौतुक करताना आपण कायम सोंगंच मोजतो. 'हसवाफसवी' नाटकात सहा, मग 'झपाटलेला'तला तात्या विंचू, मग 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. ही बहुरूप्याची मोजदाद झाली, नटाची नव्हे. विग, मिशी, बदललेला आवाज मिळाला की ते फुलतात. 'चौकट राजा'तला नंदू आज पाहताना मला तर लकबीच दिसतात.

आगाऊ कार्टं
नंदूला हात लावायचा नाही. बाकी चालू द्या.

माजघर
साफ असहमत. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' विसरलात? २००१ साली अल्फा मराठीवर ते सुरू झालं तेव्हा प्रभावळकर सत्तावन्नच्या आसपास, आणि त्यांनी केलेले आबा टिपरे चांगले म्हातारे. त्यात सोंग कसलं? बसणं, उठणं, मध्येच गप्प होणं. आमचे आजोबा टीव्हीसमोरून चिडून उठायचे, "हा माझी टवाळी करतोय" म्हणून.

तिसरी घंटा
टिपरे त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून घेतलेलं आणि 'हसवाफसवी'ही त्यांनीच लिहिलेलं. स्वतःच्या मापाने शिवलेला सदरा अंगात बसणारच की!

पिटातला
मग परक्याने शिवलेला घ्या. 'सरकार राज'मधले रावसाहेब. दोनच वर्षं आधी, २००६ मध्ये, ज्या चेहऱ्यावर अख्ख्या देशाने गांधीजी म्हणून विश्वास टाकला, तोच सौम्य चेहरा २००८ मध्ये कारस्थान करतो. आवाज चढत नाही, डोळे वटारत नाहीत. मला त्या माणसाची तात्या विंचूपेक्षा जास्त भीती वाटली.
आणि तात्या विंचूत सोंग कुठलं हो? माणूस म्हणून तो पडद्यावर किती वेळ असतो? पुढे सगळा रामदास पाध्यांचा बाहुला. नटाकडे तोंडच नाही, उरला नुसता आवाज. तेवढ्यावर एका पिढीला रात्री लघवीला एकटं जाऊ दिलं नाही.
अवांतर: त्यांचा साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार 'लगे रहो मुन्नाभाई'बरोबर 'शेवरी'साठीही होता. 'शेवरी' इथे किती जणांनी पाहिलाय?

माजघर
+१. मी नाही पाहिलेला, कबूल.

दांडेकार
सिंधुदुर्गातून लिहितंय. 'बहुरूपी' तुम्ही शिवीसारखं वापरताय म्हणून राहवलं नाही. आमच्या खऱ्या दशावतारात, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, तोंड रंगवायला वेगळा माणूस नसतो, नट आपलं आपण रंगवतो. संवाद लिहिलेले नसतात, कथानक ठरलं की उभं राहून बोलायचं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' अशी म्हणच आहे. त्यामुळे रंग हे लपायचं साधन, हे आम्हाला पटत नाही. बाबुलीची नजर अधू होत चाललीय आणि तरी तो उभा राहतो, ते कुठल्या विगने होणार?

तिसरी घंटा
रंगाबद्दलचं पटलं. 'सरकार राज' रविवारी परत बघतो. नंदूबद्दलचं मत मात्र तेच.

आगाऊ कार्टं
आमचंही.